घरी चार्जिंगला लावलेली गाडी आतून का तापते? नवख्या मालकांसाठी पायरीपायरीने तपास

रात्री गाडी चार्जिंगला लावली, तासाभराने आत विसरलेला मोबाइल घ्यायला दार उघडलं आणि गरम हवा तोंडावर आली. गाडी नवी असेल तर छातीत धस्स होतं. बॅटरी तापली का? आत काही जळतंय का? चार्जिंगची गन (केबलचं गाडीत लावायचं टोक) काढून टाकावी का? मी पहिल्याच आठवड्यात असं चार्जिंग मधेच थांबवलं आणि चारही दारं उघडी टाकून अर्धा तास गाडीजवळ उभा राहिलो. गाडीत काहीही बिघाड नव्हता. भिंतीवरच्या सॉकेटला मात्र त्या अर्ध्या तासात मी एकदाही हात लावून पाहिला नाही, आणि तपासायला हवं होतं ते तेच.

केबिन कोमट होणं आणि प्लग तापणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण शांतपणे शोधता येतं. दुसरीसाठी थांबायचं नसतं. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम तसा लावला आहे.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवतो. गाडीच्या गप्पांत ‘एसी’ दोन अर्थांनी येतो: घरातली एसी वीज आणि थंड हवेचा एसी. या लेखात नुसता ‘एसी’ म्हटलं की तो थंड हवेचा.

उष्णता तयार कुठे होते

घरातून येते ती एसी वीज (दिशा सतत बदलणारी), बॅटरीत भरते ती डीसी (एकाच दिशेने वाहणारी). हे रूपांतर गाडीच्या आत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो खरं, पण तो मुख्यतः वीज सुरक्षितपणे जोडणारा आणि तोडणारा डबा आहे. रूपांतर करताना साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत जाते, गाडीप्रमाणे थोडी कमी-जास्त. २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअरवर चार्ज करत असाल तर ७ किलोवॉटच्या थोडं वर वीज येते, म्हणजे ७०० वॉटच्या आसपास उष्णता. १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर हाच आकडा तीन-चारशे वॉटवर येतो.

बहुतेक गाड्यांत ही उष्णता कूलंट (थंड ठेवणारा द्रव) उचलतो आणि पुढच्या रेडिएटरमधून बाहेर टाकतो. रात्री गाडीतून पंपाची बारीक घरघर येते, मधेच पंखा फिरतो, तो याचसाठी. त्या आवाजाने घाबरू नका.

आता बॅटरी. घरच्या चार्जिंगमध्ये बॅटरी फार तापत असेल असं सगळ्यांना वाटतं, म्हणून हिशोब करून पाहू. ४०० व्होल्टच्या बॅटरीत ७ किलोवॉट भरायचे तर प्रवाह लागतो साधारण १८ अँपिअर. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला तर तयार होणारी उष्णता (प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध) ३०-३५ वॉट. एक माणूस नुसता सीटवर बसला तरी त्याच्या शरीरातून १०० वॉटच्या आसपास उष्णता निघते! तीच बॅटरी हायवेवरच्या १०० किलोवॉटच्या फास्ट चार्जरला लावली की प्रवाह २५० अँपिअरवर जातो आणि उष्णता सहा हजार वॉटच्या वर. प्रवाहाचा वर्ग होतो, म्हणून एवढा फरक. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापल्याच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्या घरच्या चार्जिंगला जशाच्या तशा लावू नका.

ऑनबोर्ड चार्जर बसवलाय कुठे, हेही मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत तो मागच्या सीटच्या पाठीशी होता, २०१३च्या मॉडेलपासून पुढे बॉनेटखाली आला. चार्जर मागे असलेल्या गाडीत मागची सीट किंवा डिकीचा तळ कोमट लागणं साहजिक आहे.

पायरी पहिली: आजच प्लगला हात लावा

चार्जिंग सुरू करा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग तळहाताची मागची बाजू आधी सॉकेटच्या प्लेटला लावा, मग प्लगच्या प्लास्टिकला, प्लगलगतच्या वायरला, केबलवर डबा असेल तर त्याला, आणि शेवटी गाडीत लावलेल्या गनला. कोमट लागलं तर ठीक. हात दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल, प्लेट पिवळी-तपकिरी पडली असेल, प्लास्टिक मऊ झालं असेल किंवा जळका वास येत असेल, तर चार्जिंग लगेच थांबवा.

थांबवण्याचाही क्रम आहे. आधी गाडीच्या स्क्रीनवरून किंवा ॲपमधून चार्जिंग बंद करा, म्हणजे प्रवाह शून्यावर येतो. मग त्या लाइनचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा. तापलेला प्लग चालू प्रवाहात खेचून काढला तर आत ठिणगी पडते. धूर दिसत असेल तर प्लगजवळ न जाता थेट एमसीबी पाडा.

मी यावर एवढा जोर का देतोय? सॉकेटमधली पकड सैल झाली किंवा मागचा स्क्रू ढिला राहिला की त्या एका बिंदूवर रोध वाढतो. समजा तो अवघा ०.१ ओहम झाला. १६ अँपिअरवर तिथे २५ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉट म्हणजे एक छोटी सोल्डरिंग आयर्न. ती सॉकेटच्या आत आठ तास चालू ठेवलेली डोळ्यांसमोर आणा. गीझर किंवा इस्त्रीही जास्त प्रवाह घेतात, पण ती थोड्या वेळात बंद होतात किंवा मधे मधे थांबतात. गाडी रात्रभर अखंड ओढत राहते. वर्षानुवर्षं नीट चाललेलं सॉकेट गाडी लावल्यावर महिन्याभरात काळं पडतं ते यामुळे.

इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गाडी चार्ज करणं भागच असेल तर सॉकेट बदला, म्हणजे दुसऱ्या चांगल्या सॉकेटवर जा, आणि गाडीच्या सेटिंगमधून प्रवाह १६ वरून १० अँपिअरवर आणा. सैल जोडावरची २५ वॉट उष्णता मग १० वॉटवर येते. जळका वास आलेल्या सॉकेटवर मात्र कमी प्रवाहानेही चार्ज करू नका.

कायमचा उपाय एकच: गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, प्रवाहाला पुरेशी जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड आणि ॲडॉप्टर नकोत. लांब केबल उरली तर तिचं वेटोळं करून ठेवू नका, जमिनीवर मोकळी पसरा. वेटोळ्यात उष्णता कोंडते.

पायरी दुसरी: गाडी स्वतःच हीटर लावतेय का बघा

केबिन खरोखरच चांगली गरम असेल, म्हणजे बाहेरपेक्षा आठ-दहा अंशांनी, तर माझा पहिला संशय सेटिंगवर जातो. ॲपमध्ये ‘ठरलेली निघण्याची वेळ’ नावाची सोय असते. सकाळी सातला निघायचं असं भरलं की गाडी त्याआधी केबिन हव्या त्या तापमानाला आणून ठेवते. थंडीत ही मोठी सुखाची गोष्ट आहे. पण थंडीत भरलेलं वेळापत्रक उन्हाळ्यातही तसंच राहतं. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचं वेळापत्रकही तिच्यात असू शकतं. घरातल्या आणखी कुणाच्या मोबाइलवर ॲप असेल तर तेही विचारा.

ओळखायची खूण सोपी आहे. दार न उघडता काचेला कान लावा. ब्लोअरचा आवाज येतो का? दार उघडल्यावर लगेच डॅशबोर्डच्या व्हेंटसमोर हात धरा. हवा येत असेल तर केबिनचा हीटर किंवा एसी चालू आहे, चार्जरचा दोष नाही.

उलट्या दिशेची सोयही असते. टेस्लाच्या गाड्यांत केबिन जास्त तापू न देण्याचं एक सेटिंग आहे. गाडीतून उतरल्यावर १२ तासांपर्यंत ते काम करतं आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली की थांबतं. पण त्याची नेहमीची मर्यादा ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आत ३८ अंश असले तरी गाडीच्या मते सगळं ठीक चाललेलं असतं. हे सेटिंग चालू असूनही गाडी गरम का, असा प्रश्न पडला तर उत्तर हेच.

उभ्या गाडीवर कॅमेऱ्याने नजर ठेवणारा राखणीचा मोड, पाळीव प्राण्यांसाठीचा मोड, वायरलेस चार्जरवर राहून गेलेला फोन, हेही बघून घ्या. राखणीचा मोड चालू असला की गाडीचा कॉम्प्युटर झोपत नाही आणि त्याची उष्णता डॅशबोर्डमागे साठते.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक गोष्ट घडते. बॅटरी शून्याखाली गेलेली असेल तर गाडी चार्ज करण्याआधी तिला ऊब देते. एवढ्या गार बॅटरीत जोरात वीज भरली तर पेशींच्या आत लिथियमचा धातूरूप थर बसतो आणि बॅटरी कायमची दुबळी होते. तेव्हा फरशी कोमट लागली तर गाडी आपलं काम करतेय असं समजा.

पायरी तिसरी: प्रवासाची उष्णता वजा करा

आपण गाडी चार्जिंगला लावतो ती बहुधा घरी पोहोचल्या पोहोचल्या. मग तासाभराने केबिन गरम लागली की दोष चार्जिंगला. खरं तर फरशीखाली तीन-चारशे किलोचा बॅटरीचा ठोकळा प्रवासातून तापून आलेला असतो. किलोमागे एका अंशाला साधारण १ किलोज्यूल धरा. ४०० किलोची बॅटरी १० अंश निवताना ४० लाख ज्यूल बाहेर टाकते, म्हणजे १ युनिटपेक्षा थोडी जास्त उष्णता. एवढी उष्णता तासाभरात जात नाही. पुष्कळ वेळा अख्खी संध्याकाळ लागते. कूलंट नसलेल्या बॅटरीत, जशी जुन्या लीफची, हे अधिक जाणवतं.

म्हणून उन्हाळ्यात गाडी लावल्यावर दोन-तीन तास थांबून, मध्यरात्रीनंतर चार्जिंग सुरू होईल असं वेळापत्रक लावा. थंडीत उलट करा. घरी येताच चार्जिंगला लावा, बॅटरी उबदार असते त्याचा फायदा मिळतो.

पायरी चौथी: ऊन

दुपारी उघड्यावर चार्जिंग करत असाल तर पुढचं सगळं सोडून द्या, कारण ऊनच आहे. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि त्यांतून निघणारी लांब लहरींची उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत केलेलं मोजमाप २००५ साली प्रसिद्ध झालं. बाहेर २२ ते ३६ अंशांचे दिवस होते. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ती गाडी कुठेही चार्जिंगला लावलेली नव्हती.

सावली, पुढच्या काचेवर पडदा आणि छत काचेचं असेल तर तिथेही पडदा, एवढेच खरे उपाय. पडदा काचेच्या बाहेरून लावता आला तर अधिक चांगला, कारण ऊन आत येण्याआधीच अडतं.

पायरी पाचवी: तीन रात्रींची परीक्षा

एवढं करूनही शंका उरली असेल तर मोजा. हाताला लागणाऱ्या उबेवर विसंबू नका. दिवसभर थंड हवेत बसलेल्या माणसाला कोमट गाडीसुद्धा भट्टी वाटते.

दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. आदल्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून एकच तापमान दाखवतात ना ते पाहा, फरक असेल तर लिहून ठेवा. एक केबिनमध्ये पुढच्या सीटच्या हेडरेस्टला अडकवा, आकडे खिडकीकडे करून. दुसरा गाडीबाहेर, मागच्या बाजूला दीड मीटरवर, त्याच उंचीवर. पुढे ठेवू नका, तिथे रेडिएटरची गरम हवा लागते.

तिन्ही रात्री गाडी निदान पाच तास उभी असलेली हवी. पहिल्या रात्री चार्जिंग नाही, नुसती लॉक केलेली. दुसऱ्या रात्री नेहमीच्या प्रवाहावर चार्जिंग. तिसऱ्या रात्री निम्म्या प्रवाहावर. दर वेळी सुरुवातीला, तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी आतलं आणि बाहेरचं तापमान टिपा. वेळापत्रकं आणि राखणीचा मोड तिन्ही रात्री बंद.

दार उघडू नका. टॉर्च मारून काचेतूनच वाचा. केबिनमधली हवा जेमतेम तीन-साडेतीन किलो भरते, दार उघडताच ती बदलते आणि पुढचे आकडे निरुपयोगी होतात. दार उघडल्याने, काही गाड्यांत तर नुसतं ॲप उघडल्यानेही, झोपलेली गाडी जागी होते.

आता आत वजा बाहेर हा फरक बघा, नुसतं आतलं तापमान नको. पहिल्या आणि दुसऱ्या रात्रीचा फरक सारखाच असेल तर चार्जिंग निर्दोष आहे. दुसऱ्या रात्री आत दोन-चार अंश जास्त आणि तिसऱ्या रात्री त्याहून बरंच कमी, असं दिसलं तर चार्जरची उष्णता केबिनमध्ये झिरपतेय. मला यात काळजीचं काही वाटत नाही. पण आतल्याबरोबर बाहेरचा थर्मामीटरही रात्रभर चढत गेला तर गाडी सोडा आणि गॅरेजकडे बघा.

बंद गॅरेजचा प्रश्न

७०० वॉट उष्णता सहा तास म्हणजे ४.२ युनिट. दार लावलेल्या छोट्या खोलीत रात्रभर रूम हीटर ठेवावा तसंच हे. वर गाडी नाक भिंतीला टेकवून लावलेली असेल तर रेडिएटरला ताजी हवा मिळत नाही, तीच गरम हवा फिरत राहते आणि पंखा जास्त वेळ चालतो. ती हवा बॉनेटखालून वर येते, आणि केबिनची बाहेरची हवा घेणारी जाळी असते पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटला अगदी लागून. गाडी बंद करताना हवेचं बटण ‘बाहेरची हवा’वर राहिलं असेल तर काही गाड्यांत ही गरम हवा हळूहळू आत शिरते.

उपाय त्यावरूनच सुचतात. नाकासमोर निदान अर्धा-एक मीटर जागा सोडा. जमिनीलगत एक आणि छताजवळ एक अशी हवेला वाट ठेवा, गार हवा खालून येते, गरम वरून जाते. उतरण्याआधी हवेचं बटण ‘आतली हवा’वर करा. गॅरेज सुरक्षित असेल तर काचा दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवल्या तरी चालतील. सावलीत, बाहेरची हवा गार असताना याचा थोडा उपयोग होतो.

प्रवाह कमी करणं हाही उपाय आहे, पण अति करू नका. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कॉम्प्युटर आणि पंप जागेच असतात, त्यांचा खर्च प्रवाह कमी केला म्हणून फारसा घटत नाही. ६ अँपिअरवर रात्रभर चार्ज केलं तर आलेल्या विजेतला मोठा वाटा यातच जातो. सोळा असेल तर दहा-बारा, बत्तीस असेल तर वीस-चोवीस, एवढं पुरे.

पायरी सहावी: प्लग लावलेला असतानाच गाडी थंड करा

इलेक्ट्रिक गाडीची ही सोय मला सगळ्यात आवडते. निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं ॲपवरून एसी लावला की घरची वीज वापरून केबिन गार होते आणि बॅटरीतली रेंज शाबूत राहते. पेट्रोलची गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. इथे धूरच नाही.

फक्त विजेचा हिशोब लक्षात ठेवा. तापलेली केबिन गार करताना सुरुवातीला एसी दोन-तीन किलोवॉट सहज घेतो. ७ किलोवॉटच्या जोडणीवर हे जाणवतही नाही. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंग जवळपास थांबल्यासारखं होतं, आणि १० अँपिअरवर तर बॅटरीचे टक्के उलटे उतरू शकतात. म्हणून छोट्या सॉकेटवाल्यांनी आधी चार्जिंग पुरं होऊ द्यावं, मग एसी लावावा. गॅरेजचं दार तेवढं उघडा, केबिनमधली उष्णता शेवटी तिथेच येऊन पडते.

चार्जिंग चालू असताना आत बसलं तर चालतं. बराच वेळ बसणार असाल तर मधे मधे बाहेरची हवा आत घ्या, नाहीतर डोकं जड होतं. मुलांना किंवा पाळीव प्राण्याला मात्र ‘एसी लावलाय ना’ म्हणून एकटं ठेवून जाऊ नका. लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाचपट वेगाने तापतं. वीज गेली, एमसीबी पडला, बॅटरी ठरलेल्या टक्क्यांखाली गेली किंवा ॲपने वेळमर्यादा संपवली, तर एसी बंद होतो आणि ते तुम्हाला कळेलच असं नाही.

सर्व्हिस सेंटरला केव्हा न्यायची

चार्जिंग संपून दोन-तीन तास झाले तरी पंखा रोज जोरात फिरतोय. कूलंटची पातळी उतरतेय किंवा गाडीखाली रंगीत थेंब दिसतायत. गाडी स्वतःहून चार्जिंगचा वेग कमी करतेय किंवा तापमानाचा इशारा देतेय. केबिनच्या एकाच कोपऱ्यात चटका बसेल अशी जागा आहे. यातलं काहीही दिसलं तर गाडी दाखवून आणा.

आणि गाडीखालून पांढरी वाफ किंवा धूर, फटफट किंवा सूं असा आवाज, किंवा रसायनासारखा गोडसर-उग्र वास आला तर काही तपासत बसू नका. माणसं लांब न्या, त्या धुरात श्वास घेऊ नका आणि अग्निशमन दलाला फोन करताना इलेक्ट्रिक गाडी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते, त्यांना त्यानुसार तयारीने यावं लागतं.

नुसत्या कोमट केबिनची तक्रार घेऊन जाणार असाल तर तीन रात्रींचा तक्ता बरोबर न्या: तारीख, प्रवाह किती अँपिअर, आतलं आणि बाहेरचं तापमान, ब्लोअर चालू होता की बंद. ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगितलं तर उत्तर मिळतं, ‘उन्हाळा आहे’. तक्ता टेबलावर ठेवला की मेकॅनिक आधी चार्जरचा पंप बघायचा की आतली-बाहेरची हवा बदलणारी झडप, हे तिथेच ठरवू शकतो.